ठकूचं आवार

बोरखडीच्या पारापासून चाळीस पावलांवर दगडी कुंपणाचं एक आवार आहे. कुंपण पुरुषभर उंच, आणि आत जमिनीलगत पसरलेला काटेरी सराटा, म्हणजेच गोखरू. आत फक्त बायका जातात, कोणत्याही वेळी. पाहुणे आले की आमचे वडीलधारे सांगतात, देवीने स्वप्नात येऊन ही जागा मागितली. देवीने काही मागितलं नव्हतं. गोजराने मागितलं होतं, आणि आमच्याकडच्या बायका सांगतात ते असं.

फार पूर्वी बोरखडीत नियम होता म्हणे, की उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत बाईने आडोशाला जायचं नाही. गावाची अब्रू त्यात होती. म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नसत. चैत्राच्या सुमाराला घरोघरी एकीला तरी उन्हाळी लागे. लघवीला आग, ओटीपोटात कळ. विसोबा वैद्य लघवी मोकळी करणारा गोखरू, धने आणि वाळ्याचा काढा द्यायचे आणि बजावायचे, "वर दिवसाला घागरभर पाणी प्यायचं." बायका मान डोलवायच्या आणि काढासुद्धा दोन घोटांवर ठेवायच्या. गुण येत नाही म्हणून वैद्य काढा आणखी आटवून कडक करायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं.

गोजरा या वैद्यांची सून. गोखरू तीच कुटायची. तिची नणंद ठकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला आधी उन्हाळी लागली, मग थंडी वाजून ताप भरला.

"मामंजी, औषध बरोबर आहे," गोजरा म्हणाली. "ते पिऊन जायचं कुठे, तेवढं सांगा."

"हे वैद्यकीत येत नाही."

"मग तुमची लेक येते का वैद्यकीत?"

वैद्यांनी तिला पंचांकडे पाठवलं. पंच म्हणाले, "आमच्या आयांनी काढलं, ते तुम्हालाच जड झालं?"

पाडव्याला पंच पारावर बसत. सूर्य मावळेपर्यंत उठायचं नाही, उठेल त्याचं पंचपद गेलं, अशी रीत होती. त्या वर्षी गोजराने ऊन फार आहे म्हणून ताकाच्या घागरी पाठवल्या. ताकात गोखरूचा काढा होता. पंच पीत राहिले. दुपारी बायकांनी पायऱ्यांखालचे जोडे उचलले, पाराभोवती वाळलेला सराटा पसरला आणि पलीकडे गोल करून बसल्या, पंचांकडे तोंड करून.

थोड्या वेळाने म्हाळोजी पाटील चुळबुळ करू लागले. "पोरींनो, तोंडं तरी फिरवा."

"अंधार पडू दे, पाटील," एक म्हातारी म्हणाली. "अब्रूचा प्रश्न आहे."

"जीव जायची वेळ आली."

"ठकूचीही आलीय," गोजरा म्हणाली.

सांगतात की ऊन कलायच्या आत पाटलांनी पारालगतचा आपला तुकडा बायकांना दिला आणि पंचपद तिथेच टाकून अनवाणी सराटा तुडवत पळाले. कुंपण मग त्याच पुरुषांनी रचलं. गावची लेक तापाने फणफणत होती तेव्हा ज्यांना काही सुचलं नव्हतं, त्यांना स्वतःचं ओटीपोट तटतटल्यावर तासाभरात न्याय सुचला. ठकू त्या आवारात भर दुपारी एकदाच गेली, गोजराच्या खांद्यावर हात टाकून. तिसऱ्या दिवशी ती वारली, पोटातल्या बाळासकट. त्यानंतर विसोबा वैद्य कोणत्याही बाईला काढा देण्याआधी विचारत म्हणे, "जायला जागा आहे का?"

आजही पाडव्याला गावातले थोर पुरुष काढा घातलेलं ताक पिऊन पारावर बसतात, आणि आम्ही सराटा पसरून भोवती बसतो. ताप भरलेल्या बाईला आता आम्ही काढ्यावर ठेवत नाही, थेट तालुक्याच्या दवाखान्यात नेतो. पण हा दिवस चुकवत नाही. गेल्या वर्षी चार वाजता सरपंच म्हणाले, "पुरे गं, झाली परंपरा पाळून." आम्ही विचारलं, शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह दोन वर्षं कुलपात आहे, ते कधी उघडणार? ते म्हणाले, "बघू."

आम्ही ताकाची आणखी एक घागर मागवली.