समुद्र कोणाचा?

दुसऱ्या महायुद्धात बुडवलेल्या इंग्रजांच्या व्यापारी बोटींचे खलाशी जर्मनांच्या छावणीत डांबले होते. रत्नागिरीचा दाऊद सारंग त्यांचा म्होरक्या. एकदा छावणीचे बडे साहेब भाषणाचा कागद घेऊन ऐटीत त्याच्याकडे आले.

"समुद्र आता आमचा आहे, असं रेडिओवरून तुझ्या मुलखाला सांग. नाहीतर शेगडीचा कोळसा बंद!"

"सांगतो की," दाऊद म्हणाला. "आधी चहा तर घ्या."

पहिल्याच घोटाला साहेबांचा ताठा विरघळला. दोन वर्षं बिचारे भाजलेल्या सातूचं पाणी कॉफी म्हणून पीत होते.

"खरा चहा! कुठून आला?"

"रेडक्रॉसच्या खोक्यातून. बोटीनं आला, साहेब. पण समुद्र तुमचा, तर तुमची कॉफी कुठं अडकली?"

साहेबांनी भाषणाचा कागद गुपचूप खिशात घातला आणि रिकामा कप हळूच पुढे सरकवला.