येसूचा कुडा

हिरडेवाडीच्या देवराईलगतच्या मठात श्री वनमाळी महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीची ही कथा. सकाळचा जप चालला होता. पान गळलेलं ऐकू यावं अशी शांतता. तेवढ्यात आत ताक घुसळणाऱ्या येसूच्या हातातली रवी डेऱ्याला लागून टक्‌ वाजली. येसू ओशाळली. महाराज डोळे न उघडता म्हणाले, "वाजू दे गं. तोही जपच."

येसू मठात ताक करून द्यायची आणि जाता-येता बांधावरच्या कुड्याच्या झाडाला शेणमातीचा लेप लावायची. गावच्या त्रिंबकवैद्यांच्या गड्यांनी औषधासाठी त्याची साल बुंध्याभोवती पार सोलून नेली होती. जुनी माणसं आदल्या संध्याकाळी झुडपापुढे चार तांदूळ ठेवून "उद्या येतो" म्हणत आणि उगवतीकडची बोटभर पट्टीच काढत. वैद्यांना एवढी सवड कुठली! उतारावरचे कुडे एकेक करून वाळले. या शेवटच्यालाही पान उरलं नव्हतं.

"काय गं, मढ्याला हळद लावतेस होय?" वैद्य म्हणाले, आणि पारावरचे सगळे हसले. येसूने महाराजांना विचारलं, थांबवू का?

"लावत राहा, बाळ. त्याला कळतंय."

वैशाखात येसूच्या पाच वर्षांच्या चिमीला रक्ताची आव लागली. वैद्यांनी बरणीतली कुड्याची साल दिली. ती तीन दिवस उगाळून पाजली, पण गुण नाही. चौथ्या सकाळी पोर पाणीही मागेना. तिला पदरात घेऊन येसू मठात आली. मागोमाग वैद्यही आले, आपली साल अस्सल आहे हे सांगायला.

महाराजांनी ती जिभेवर ठेवली. "वैद्यबुवा, ही कडू कुठे आहे?"

वैद्यांनी चाखली आणि त्यांचा चेहरा उतरला. औषधाचा कडू, पांढरा कुडा संपल्यावर गड्यांनी काळ्या कुड्याची साल आणून भरली होती. दिसायला तशीच, त्यांनी चाखून पाहिलीच नव्हती.

"येसू, तुझ्या झाडाकडे जा," महाराज म्हणाले. "तांदूळ ठेवायला संध्याकाळ नाही आपल्याकडे. नुसते हात जोड."

येसू धावली. लेप तडकला होता आणि भेगेतून नवी, ओली साल दिसत होती. कालपर्यंत काटक्या असलेल्या फांद्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके! तिने हात जोडले, उगवतीकडची बोटभर पट्टी काढली, जखमेवर लेप थापला आणि मगच माघारी फिरली.

महाराजांनी सालीला सहाणेवर मोजून सात वळसे दिले, उगाळलेलं ताकात कालवून चिमीला पाजलं. "आणखी नको. फुलांची भाजी पोटभर खावी. साल मात्र मापातच. जास्त झाली तर तीच बाधते." तिन्हीसांजेला चिमीने डोळे उघडले आणि पेज मागितली.

दुसऱ्या दिवशी वैद्य महाराजांच्या पायांशी वाकले, तेव्हा महाराजांनी पाय मागे घेतले आणि बांधाकडे बोट दाखवलं. वैद्यांनी पागोटं काढून कुड्याच्या बुंध्याशी डोकं टेकलं. कपाळाला शेणमाती लागली. ती त्यांनी पुसली नाही.

चिमी आईच्या कडेवरून बघत होती.

"आई, त्याला तर सगळं सोललं होतं. मग त्यानं मला का दिलं?"

येसूने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी लेपाच्या शेणमातीचा गोळा चिमीच्या हातात ठेवला.