सुताराची बायको आणि कासारीण

फार पूर्वीची गोष्ट. एका गावात एक सुतार राहत असे. चारचौघांत मोठा गोड माणूस. गावातल्या प्रत्येक बाळाचा पाळणा त्याच्याच हातचा. घरात मात्र तोच हात बायकोवर चाले. आमटी गार झाली, मार. आमटी गरम लागली, तरी मार!

आळीत भिंतीला भिंत लागून घरं. तिची किंकाळी उठली की शेजारणी जात्यावर बसत आणि जोरजोरात दळू लागत. का? तर त्या घरघरीत आवाज बुडावा, बिचारीची अब्रू झाकली जावी. काय हा शहाणपणा! मार खाणारीला वाटे, आपलं ओरडणं कुणाला ऐकूच जात नाही. हळूहळू तिने ओरडणंही सोडलं.

दर पंधरवड्याला एक म्हातारी कासारीण बांगड्या भरायला यायची. ती सुताराच्याच अंगणात बसे आणि साऱ्या आळीच्या बायका तिथे जमत. एकदा सुताराच्या बायकोचं मनगट हातात घेताच ती थबकली.

"पोरी, मागच्या खेपेला भरलेल्या सगळ्या फुटल्या?"

"विहिरीवर घसरले, मावशी."

"जन्म गेला माझा मनगटं धरण्यात. विहीर बोटांचे वळ उठवत नाही गं."

सुतार ओसरीवर रंधा मारत होता. बायकोने मान खाली घातली. कासारीण हळूच म्हणाली, "नदीपलीकडे चिंचेखाली माझं घर. कधीही ये."

पुढच्या खेपेला सुताराच्या बायकोने फक्त डावा हात पुढे केला. कासारणीने पदर बाजूला सारला. उजवं मनगट मोडून सुजलं होतं.

"हे कुणी केलं?"

ओसरीवरचा रंधा थांबला. बोललं तर हा जीव घेईल. आणि न बोललं तरी एक दिवस घेणारच, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

"मावशी, हा मारतो मला," ती मोठ्याने म्हणाली. "मला इथून ने."

सुतार धारदार पटाशी घेऊन उठला. कासारीण मध्ये उभी राहिली. मग एकेक करत साऱ्याजणी उभ्या राहिल्या, तसा सुतार मागे हटला. एक शेजारीण रडत म्हणाली, "आम्हाला सगळं ऐकू येत होतं गं! तुझी अब्रू जाऊ नये म्हणून दळत बसायचो."

"ऐकू येत होतं?" एवढंच ती म्हणाली. मारापेक्षा ते तिला जास्त लागलं.

बायकांनी तिला मधे घेऊन नदी ओलांडली. हाडवैद्याने हात बांधला, पण फार उशीर झाला होता. त्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत.

पंचांनी सुताराला गावाबाहेर काढलं. मग मुख्य पंच तिला म्हणाले, "बाई, इतके दिवस बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "या मावशीच्या आधी कुणी विचारलंच कुठे?"

तात्पर्य इतकंच: घरातला मार ही सोसणाऱ्याची लाज नव्हे, त्याने तो विश्वासाच्या माणसाला सांगावा. आणि ज्याच्या कानावर किंकाळी येते, त्याने सांगण्याची वाट न पाहता जाऊन दार वाजवावं.