विड्याची दोरी

वेळूगडच्या महाराजांनी विडा मागवला की सैन्य यायचं!

सिंहासनामागे दोन दोऱ्या लोंबत. दोन्ही लाल रेशमी, दोन्हींना सोनेरी गोंडे. एक ओढली की विडे लावणाऱ्याकडे घंटी वाजे, दुसरी ओढली की रणनगारा! महिन्याभरात सहा हुजऱ्यांचे हात चुकले आणि सहाही तुरुंगात गेले. सहावा केरबा. त्याच्या वेळी तर हत्तींनी राणीसाहेबांचा भोपळ्याचा वेल तुडवला.

केरबाची मुलगी हौसा दरबारात आली. "महाराज, माझ्या बाला सोडा. दोऱ्याच सारख्या हायत!"

"सारख्याच हव्यात! दरबाराची शोभा आहे ती! हे हुजरेच बेपर्वा! उद्या कधीच न चुकणारा माणूस आणून दे, नाहीतर तुझा बाप जन्मभर आत!"

दुसऱ्या दिवशी हौसाने शेतातलं बुजगावणं आणून उभं केलं. डोक्याला मडकं, अंगात केरबाची फाटकी बंडी.

"ह्यानं आजवर एक चूक केली न्हाई. सेनापतींचं तसं हाय का, इचारा!"

सेनापती खोकले. महाराज हट्टाला पेटले. "ठीक! आजपासून हाच हुजऱ्या!"

दुपारी जेवण झालं. "विडा!" महाराज म्हणाले. बुजगावणं हात पसरून उभंच. "अरे, विडा!" शेवटी वैतागून महाराजांनीच हात मागे नेला आणि दोरी ओढली.

धडाड् धूम! घोडे आले, हत्ती आले. अर्धी दाढी झालेले सेनापती तलवार उपसून ओरडले, "शत्रू कुठंय?"

"विडा हवा होता," महाराज पुटपुटले.

हौसा म्हणाली, "महाराज, बाच्या शेजारची कोठडी रिकामी हाय!"

"मी बेपर्वा नाही! दोऱ्याच सारख्या आहेत!"

"मी काल ह्येच सांगत हुते!"

"मग एक निळी करू," प्रधानजी म्हणाले.

"मागं न बघता हात जातो, प्रधानजी. त्याला रंग कसा दिसंल?" असं म्हणत तिने नगाऱ्याच्या दोरीला बाभळीची काटेरी फांदी बांधली.

"आणि खरंच शत्रू आला तर?" सेनापती गुरगुरले.

"शत्रू दारात असल्यावर काट्याला कोण भितंय? पण इड्यासाठी कोण बोचून घेईल?"

महाराजांनी न बघता हात मागे नेला. "आई गं!" हात झटकन दुसऱ्या दोरीवर गेला, आणि खरोखर विडा आला!

महाराज इतके हसले की विडा तोंडातून उडाला. सहाही हुजरे त्याच दुपारी सुटले. हौसाला पैठणी मिळाली आणि हुकूम निघाला, की राजवाड्यातली नवी वस्तू आधी हौसा वापरून बघेल, मग महाराज!

बुजगावण्याला मात्र परत पाठवलं नाही. त्याला सेनापतींच्या शेजारी बसवलं!