गाडीचं नाक

“आणि पाणी बॉनेटच्या वर आलं तर?” बुवांनी विचारलं.

“त्याच्यासाठीच तर ही नळी, बुवा.”

केरबाने मांडीवरचं गाठोडं सोडलं. आत एक काळी, जाड, कोपरात वाकलेली नळी होती. वरच्या तोंडाला टोपी.

“ह्याला स्नॉर्केल म्हणतात. एक टोक इंजिनात, दुसरं पार टपापतूर. गाडी वरनं हवा घेती. बॉनेट बुडालं तरी इंजिन पाणी पीत न्हाई. बंद पडत न्हाई.”

“म्हंजे नाक.”

“नाकच म्हणा.”

“आत्तापतूर नाक नव्हतं गाडीला?”

“हुतं की. खाली हुतं.”

बुवांनी “हं” केलं आणि पुन्हा घोंगडी झटकायला घेतली.

ज्येष्ठ लागला होता. पाऊस अजून घाटापलीकडे होता. मठीच्या कट्ट्यावर बुवांनी घोंगडी उन्हाला टाकली होती. दरवर्षी या दिवसांत ते ती काढत, झटकत, उसवलेली किनार शिवत.

मठी नदीच्या काठाला. खाली फरशी, म्हणजे मोऱ्यांवर बांधलेला बुटका पूल. फरशीच्या तोंडाशी एक खांब होता. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहायला लागलं, की बुवा त्या खांबावर ही काळी घोंगडी टाकत. घोंगडी दिसली की बैलगाडी थांबायची. दूधवाला थांबायचा. एसटी आली तशी परत फिरायची. असा नियम कुणी लिहून दिला नव्हता. बुवांच्या गुरूंनी सुरू केलं, बुवांनी चालवलं, गावाने पाळलं.

नदीच्या अलीकडे शेळपवाडी. पलीकडे सडक, दवाखाना, बाजार. आणि शेळपवाडीत गाडी एकच, केरबाची. चारही चाकं ओढणारी जुनी जीप. बाजारकरी, शाळामास्तर, आजारी माणूस, नवरानवरी, एसटी नसली की सगळे तिच्यातूनच नदी ओलांडायचे. त्यामुळे केरबाला गावात मान होता. तो त्याला जरा जास्तच आवडायचा.

बेळगावचा फिटर ठरला होता. मडगार्डला भोक पाडायच्या आधी नळीवर बुवांचा हात पडावा म्हणून केरबा आला होता. सोबत नारळ होता. विचारायला तो आलाच नव्हता. हे त्यालाही ठाऊक होतं आणि बुवांनाही.

“मग बसवू नव्हं?” केरबा म्हणाला. त्याने नारळ पुढे केला.

बुवांनी नारळाकडे पाहिलं नाही. ते उठले आणि मठीमागे गेले. तिथे पपईचं झाड होतं. एक पान तोडून त्यांनी देठाची दोन्ही टोकं विळीवर छाटली, आतून फुंकून पाहिलं. पोकळ, सरळ, दोन हात लांब देठ.

“चल,” म्हणाले.

फरशीच्या खाली थोडं पुढे नदी रुंद होते. तिथे डोह आहे. उन्हाळ्यातही कमरेएवढं पाणी असतं, आणि निवांत असतं.

“बस.”

“कुठं?”

“पाण्यात. तुझं नाक खाली हाय. हे वर धर.”

केरबा हसला. पन्नाशीला टेकलेला माणूस. गावात त्याला अरेतुरे करणारे आता बुवांखेरीज दोघं-तिघंच उरले असतील. “बुवा, पोरं बघतील.”

“बघू देत. त्यांनाबी कळंल गाडी कशी चालती ते.”

केरबाने सदरा काढला. पाण्यात उतरला. मांडीवर एक धोंडा घेतला, दोन बोटांनी नाक दाबलं, देठ तोंडात धरला आणि बसला. डोकं पाण्याखाली गेलं. वर फक्त देठाचं टोक राहिलं. त्यातून वारा आत-बाहेर होत असल्याचा बारीक आवाज येत होता.

बुवा काठावर उभे होते. एक बगळा आला, देठापाशी उतरला, पाय हलवत जरा थांबला, निघून गेला.

मग केरबा उठला. डोळे लाल, पण चेहरा खुशीत.

“बघितलंसा? सांजंपतूर बसलो असतो.”

“बसला असतास,” बुवांनी मान्य केलं. “आता तिकडं बस.”

तिकडं म्हणजे मोरीच्या तोंडाशी. वरच्या धरणातून शेतीसाठी पाणी सोडलेलं होतं. ते फरशीखालच्या मोऱ्यांतून फेसाळत बाहेर पडत होतं. खोल नव्हतं. मांडीएवढं.

केरबा बाणेदार माणूस. नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

तो मोरीसमोर गेला. धोंडा घेतला, देठ धरला, बसला. पाण्याने पाठीत धक्का दिला. त्याने टाचा रोवल्या. पाण्याने धोंडा मांडीवरून हळूच काढून नेला. मग टाचा सुटल्या. मग बुड सुटलं. केरबा एक कोलांटी खाऊन गडगडत खाली गेला आणि डोहात जाऊन उभा राहिला. कोपर सोललं होतं. देठ अजून दातांतच होता.

“दम कोंडला?” बुवांनी काठावरून विचारलं.

केरबाने मान हलवली. नाही.

“मग हिकडं कसा आलास?”

केरबाने देठ थुंकला…

काठावर येऊन तो खडकावर बसला. सदऱ्याने डोकं पुसलं. बुवाही शेजारी टेकले. त्यांनी त्याचं कोपर हातात घेतलं, पाहिलं, धोतराच्या सोग्याने टिपलं.

“माणूस हलका असतो बुवा,” केरबा म्हणाला. “माझी गाडी लोखंडाची हाय.”

“गेल्या साली फरशीवर फणसाचा ओंडका आडवा आला हुता. कुणी आणला?”

“नदीनं.”

“काढला कुणी?”

“मीच. जीप लावून.”

“सहज निघाला?”

तारेचा दोर तुटला होता. चाकं जागेवर फिरली होती. शेवटी ओंडका कुऱ्हाडीने तोडून काढावा लागला होता. हे सगळं बुवांनी कट्ट्यावरून पाहिलं होतं.

“पर इंजिन बंद पडलं न्हाई,” बुवा म्हणाले.

या बोलण्याचा केरबाला राग आला. तो उठून उभा राहिला. आवाज चढला.

“मग काय करू मी? सांगा. हातावर हात ठिवून बसू? गेल्या श्रावणात बसलो हुतो की. तुमची घोंगडी बघत बसलो हुतो. तानूबाई मागं बाकड्यावर कण्हत हुती. अडलेली बाई. तिचा नवरा माझ्या पाया पडत हुता. मी स्टेरिंग धरून बसलो. पाणी उतरंल, आत्ता उतरंल… पाणी उतरलं तवा काय ऱ्हायलं हुतं न्यायला?”

बुवांनी हातातला सोगा खाली सोडला.

“त्या जागंवर मी अजून कुणाला बसवत न्हाई. पोती ठिवतो.” केरबाचा आवाज खाली आला. “तुमास्नी काय. तुमी घोंगडी टाकता न् आत जाता.”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं काय बोललो ते. त्याने बुवांकडे पाहायचं टाळलं.

मोरीचं पाणी वाजत राहिलं.

“घोंगडी टाकायच्या आधी मी तुझ्या गाडीपाशी आलो हुतो,” बुवा म्हणाले. “तू पुढं बघत हुतास. मी मागं डोकावलो. तिनं माझ्याकडं बघितलं. मला म्हणाली, बुवा, आज नका टाकू.”

केरबाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“मग मी टाकली.”

केरबा खाली बसला. इतक्या महिन्यांत हे बुवा कधी बोलले नव्हते. केरबालाही ते माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, त्या दुपारचं ओझं आपण एकट्याने वाहतोय.

“चुकलं माझं,” केरबा म्हणाला.

“काय चुकलं?”

“बोललो ते.”

“ते ऱ्हाऊ दे.” बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ अजून ओली होती. “यंदा कोण हाय?”

“कोण म्हंजे?”

“तानूबाई गेली गेल्या श्रावणात. नळी आणलीस आत्ता. मधी दिवाळी गेली, होळी गेली. तवा आठवण झाली न्हाई. यंदा गाडीत कोण बसणार हाय?”

“कोण न्हाई.”

“केरबा.”

केरबाने पायाने एक खडा पाण्यात ढकलला.

“सुनंदा,” तो म्हणाला.

सुनंदा त्याची एकुलती लेक. गडहिंग्लजला दिलेली.

“गोड बातमी हाय म्हण की.”

“सातवा लागंल आता. ओटी भरायची, घेऊन यायची. पहिलं बाळंतपण, म्हायारातच व्हायला पायजे.” सांगताना त्याचा चेहरा जरा उजळला. “पाळणा धुऊन ठिवलाय.”

“दिवस कवा भरत्यात?”

“श्रावणात.”

“नदी कवा चढती?”

केरबाने फरशीकडे पाहिलं.

“तिची आई काय म्हणती?”

“ती खुळी हाय. ती म्हणती, पोरीला कशाला आणता, मीच जाते गडहिंग्लजला, दोन म्हैने ऱ्हाते.”

“मग?”

“मग काय बुवा? व्याह्याच्या दारात जाऊन पडायचं? केरबाला लेकीचं एक बाळंतपण झेपलं न्हाई म्हणतील. साऱ्या गावाच्या पोरीबाळी मी गाडीतनं म्हायारी आणल्या. माझीच ऱ्हावी पलीकडं? गाव तोंडात शेण घालंल.”

“व्याही काय म्हणाला?”

“तो काय म्हणणार. भला माणूस हाय. म्हणाला, विहीणबाई आल्या तर आमास्नी आधारच हुईल.” केरबाने सदरा पिळला. डोकं पुसण्यापुरताच भिजला होता, तरी पुन्हा पिळला. “पर मीच न्हाई म्हणालो. बाप जित्ता हाय म्हणालो.”

बुवांनी दाढीवरून हात फिरवला.

“सुनंदाच्या घरापास्नं दवाखाना किती लांब?”

“लांब न्हाई.”

“म्हंजे किती?”

केरबा सदरा पिळतच होता.

“केरबा. किती?”

“… खिडकीतनं दिसतो.”

बुवा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी नुसतं “बरं” म्हटलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि मठीकडे चालू लागले. केरबा ओल्या कपड्यांनी मागून गेला.

कट्ट्यावर नळी होती तशीच उघडी पडलेली. उन्हाने तापली होती. शेजारी घोंगडी.

“बुवा, तेवढा हात ठिवा नळीवर,” केरबा म्हणाला. आवाजात आता हट्ट नव्हता. जो नारळ घेऊन आलाय त्याने काहीतरी मागायला हवं, म्हणून मागितलं.

बुवांनी हात ठेवला.

“बसव,” म्हणाले.

केरबा बघतच राहिला. “बसवू?”

“बसव की. डोहात चालती. तूच दावलंस.”

मग त्यांनी घोंगडी उचलली. चार घड्या घातल्या. नळीच्या वर ठेवली आणि दोन्ही मिळून केरबाच्या हातात दिलं. घोंगडीला उन्हाचा आणि लोकरीचा वास येत होता.

“ही कशाला?”

“घरी ने.”

“इथं खांबावर काय टाकाल मग?”

“इथं अजून सवड हाय. पाऊस घाटात हाय अजून. लागंल तवा मागून घीन.” बुवांनी नारळ उचलला, तोही त्याच्या हातातल्या ओझ्यावर ठेवला. “आज जा. अंगणात, गाडीच्या म्होरं, एक खांब रोव. त्यावर टाक.”

केरबाने अंगण डोळ्यांसमोर आणलं. तुळस. धुतलेला पाळणा, उन्हात उभा केलेला. दारात जीप. पायरीवर बायको, तोंड फिरवून गवारी निवडणारी, काल ‘बाप जित्ता हाय’ ऐकल्यापासून एक शब्द न बोललेली.

“माझ्या अंगणात कुठली नदी, बुवा?”

बुवा मठीच्या दारात पोचले होते. वाकून आत जाता जाता ते थांबले.

“तीच पयली चढती.”