कोमट खीर

एकदा एका लहानशा मठात अप्पा नावाचे वृद्ध गुरुजी राहत. पाठ शिकवत, तसा स्वयंपाकही शिकवत. ज्याला चूल सांभाळता येत नाही त्याने मन सांभाळायच्या गप्पा मारू नयेत, असं ते म्हणायचे. आता तशा चुली राहिल्या नाहीत आणि तसे दटावणारेही.

त्या वर्षी उत्सवाच्या खिरीचा मान दामोदर या शिष्याला मिळाला. त्याची आई दूरच्या गावाहून मुद्दाम आली होती. लेक मठात आल्यापासून त्याच्या हातचा घास तिने खाल्ला नव्हता.

खीर सकाळीच तयार झाली. पण नदीला पाणी आलं आणि देवाची पालखी पलीकडे अडकली. पालखी आल्याशिवाय नैवेद्य नाही, आणि नैवेद्याआधी कोणी चाखायचं नाही, ही तिथली रीत. दामोदरने हंडा निखाऱ्यांवर ठेवला. करपेल म्हणून उतरवला. निवत चालला म्हणून पुन्हा ठेवला. दिवसभर त्याचं हेच चाललं होतं.

दिवस कलताना पालखी आली. अप्पांनी हंड्याला हात लावून पाहिला.

"सकाळनंतर उकळी आली होती का रे?"

"नाही अप्पा. नुसती ऊब देत राहिलो. करपली असती."

अप्पांनी हंडा मागच्या अंगणात न्यायला लावला आणि सगळी खीर खड्ड्यात ओतून वर माती लोटली. पंगतीत बसलेल्या आईला ते मागच्या दारातून दिसलं.

दामोदरला रडू फुटलं. "अप्पा, वास चांगला होता. साय धरली होती. माझी आई उपाशी बसली आहे हो."

"म्हणूनच ओतली," अप्पा म्हणाले. "अरे, अन्नात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. गारठ्यात ते निजतात, सणसणीत उकळीत बहुतेक मरतात, उबेत वाढतात. तू त्यांना थोडा चटका दिलास, थोडा विसावा, पुन्हा थोडा चटका. लेचेपेचे गेले; चिवट उरले ते सोसायला शिकले. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, तो असा."

"आता खळखळून उकळली असती तर?"

"त्यांनी विष सोडलं असेल तर काही विषं उकळीलाही दाद देत नाहीत. खीर पुढे कशी वागेल, हे तिच्या आत्ताच्या रूपावरून ठरत नाही बाबा. ती दिवसभर कशाकशातून गेली, ते विचारावं लागतं. चल, रडायचं नंतर. चूल पेटव आणि पिठलं-भात टाक."

देवाला त्या दिवशी पिठल्याचा नैवेद्य झाला. पहिलं पान अप्पांनी आईपुढे ठेवलं. "माउली, लेकाच्या हातची खीर मी मातीत घातली. राग असेल तर माझ्यावर काढा."

आईने वाफाळता घास घेतला. "राग कसला, अप्पा? याला दटावणारं इथं कोणी आहे की नाही, ही काळजी घेऊन आले होते. ती मिटली."

अप्पा गेले, आईही गेली. आज दामोदर त्यांच्या जागी बसतो. समोर खिरीचा हंडा आला की झाकण काढण्याआधी विचारतो, "हिचा दिवस कसा गेला?" नवा शिष्य मठात आला की त्यालाही आधी विचारतो, "तुझे आजवरचे दिवस कसे गेले?" पोरं हसतात. त्याला मात्र तेव्हा अप्पांची फार आठवण येते.