टाकीतली बागेसारखी हवा

सोसायटीच्या मैल्याच्या टाकीचं झाकण उघडलं होतं आणि सफाईला आलेला सुदाम कमरेला दोर बांधत होता. दुसऱ्या मजल्यावरून बघणाऱ्या पुष्पावहिनींना काहीतरी खटकलं. त्या तडक खाली आल्या.

"आतला विषारी वायू तपासला का हो?"

"सकाळीच तपासला, वहिनी," चेअरमन दिघे रुबाबात म्हणाले. "आत अगदी बागेसारखी हवा आहे. चल रे, उतर!"

बागेसारखी हवा, मग हा माणूस नाकाला रुमाल लावून दहा हात लांब का उभा?

"थांब जरा, सुदाम," म्हणत वहिनी दिघ्यांच्या तळमजल्यावरच्या गॅलरीत गेल्या आणि त्यांच्या लाडक्या पोपटाचा पिंजराच उचलून घेऊन आल्या.

"तो दोर दे इकडे. आधी याला पाच मिनिटं बागेची हवा खाऊ दे."

"अहो, सोडू नका त्याला आत! मरेल ना तो!" दिघे किंचाळले.

"पोपटाला मारणारी हवा सुदामला बागेची कशी हो, दिघेसाहेब?"

जमलेले शेजारी दिघ्यांकडे बघत राहिले. तपासणी झालीच नव्हती, हे आता कुणाला सांगावं लागलं नाही. सुदामने कमरेची गाठ सोडली. दुपारी टाकी उपसायला पंपाची गाडी आली.